ढगात शिरणारी विमाने

आभाळ भरून येते, पण पडत नाही, ही तक्रार मराठवाड्यातल्या कंधार-लोह्याकडे पावसाळ्यात हमखास ऐकू येते. तिच्यामागचा शास्त्रीय प्रश्न असा : ढगात पाणी असूनही त्याचा पाऊस का होत नाही?

ढगकण धूळ, धूर, मीठ यांच्या सूक्ष्म कणांभोवती जमतात. असे कण फार झाले, की तेच पाणी असंख्य बारीक ढगकणांत वाटले जाते. त्यांची त्रिज्या साधारण 14 मायक्रॉनपर्यंत वाढली नाही, तर ते एकमेकांत मिसळून थेंब होणे अवघड. उपग्रहाला मुख्यतः ढगाचा माथा दिसतो, पावसाच्या रडारला तयार झालेले थेंब. मधली अवस्था थेट मोजायची तर ढगातच शिरावे लागते. विमान कालबाह्य झालेले नाही, ते यामुळे.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळात, मधली काही वर्षे वगळून, बारामतीकडे डाकोटा विमानातून ढगांत मीठ फवारले, मिठाच्या मोठ्या कणांभोवती मोठे थेंब बनावेत म्हणून. कोणत्या क्षेत्रावर फवारायचे हे यदृच्छेने ठरे. पाऊस सुमारे 24 टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. याच संस्थेचा ढगांच्या अभ्यासाचा ‘कायपीक्स’ प्रयोग 2009 मध्ये सुरू झाला. त्यात 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरहून भाड्याची दोन विमाने उडाली : एक मोजणारे, दुसरे कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळणारे. 276 ढग तपासले गेले. कण न फवारलेले ढगही तुलनेला ठेवले. वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के वाढ आढळली.

2015 मध्ये औरंगाबादहून झालेला कृत्रिम पावसाचा प्रयोग दुष्काळाच्या घाईतला होता. अशा घाईत तुलनेचे ढग ठेवले नाहीत, तर पाऊस पडला तर श्रेय विमानाला, नाही पडला तर दोष ढगांना!

सोलापूरच्या विमानांनाही मर्यादा होती. ती फार तर दहा किलोमीटरच्या आसपास जातात. मोसमी गडगडाटी ढगांचे माथे सोळा-सतरा किलोमीटरवर. तिथे रशियन ‘जिओफिझिका’ किंवा नासाचे ‘ईआर-2’ विमान हवे. 2017 मध्ये काठमांडूहून उडालेल्या ‘जिओफिझिका’ला त्या उंचीवर अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. त्यांचे मूळ जमिनीवरचा अमोनिया, म्हणजे बऱ्याच अंशी आपली शेतीच.

मोजल्याशिवाय ढगातले कळत नाही; म्हणून कृत्रिम पावसाच्या निविदेत मोजणीच्या विमानाची आणि न फवारलेल्या ढगांच्या नोंदीची अट नसेल, तर तो खर्च मराठवाड्याने सरळ नाकारावा.