पिसदुऱ्याचे शेणगोळे आणि गवताचे वय

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे गाव जीवाश्मशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मप्रसारासोबत या प्रदेशातील दगडही तितक्याच निष्ठेने तपासले आणि पिसदुऱ्याचे जीवाश्म अभ्यासकांपुढे आणले. पुढे १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी येथील एका निराळ्याच ठेव्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तो ठेवा होता दगड बनलेल्या विष्ठेचा. त्याच थरांत टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी डायनासोरांची हाडे सापडत असल्याने मोठे गोळे त्यांचेच असावेत, असे मानले गेले.

हे प्राणी खात तरी काय होते? त्या काळी, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गवत नव्हतेच, अशी समजूत रूढ होती. गवताचे निःसंशय जुने जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. संग्रहालयांतील चित्रांत डायनासोरांच्या पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष दिसत. गवत काढणे ही चूक ठरे.

या प्रश्नाला रसायनशास्त्राने प्रथम हात घातला तो कार्बनच्या समस्थानिकांच्या वाटेने. प्रोसेनजित घोष, धनंजय मोहबे, अशोक साहनी आदींचा पिसदुऱ्याच्या विष्ठेवरील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वारी, मका, ऊस यांसारख्या ‘सी-४’ वनस्पती हवेतील जड कार्बन (कार्बन-१३) तुलनेने अधिक सामावून घेतात. भात, गहू आणि बहुतेक सर्व वृक्ष ‘सी-३’ गटातील असल्याने त्यांच्यात तो कमी असतो. विष्ठेतील प्रमाण ‘सी-३’ वनस्पतींशी जुळले. निष्कर्ष अचूक होता, पण त्याला एक मर्यादा होती. ही कसोटी ज्वारीला ओळखू शकते. भाताला मात्र ती झाडांच्या गर्दीतून वेगळे काढू शकत नाही. प्राचीन गवत भाताच्या गटातले असेल, तर ते या मोजमापात दिसणारच नव्हते.

त्याचा माग लागला सिलिकामुळे. वनस्पती मुळांवाटे विरघळलेली सिलिका शोषतात आणि ती पेशींत साचून तिचे सूक्ष्म कण बनतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजते, पचते, नाहीसे होते. हे कण मात्र पोटातूनही शाबूत बाहेर पडतात. आम्लात इतर द्रव्य विरघळले तरी ते उरतात. शिवाय त्यांना पेशीचा आकार मिळालेला असतो. भाताच्या पानातील कण डमरूसारखे, तर बांबूचे खोगिरासारखे दिसतात.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेतून असे कण वेगळे केले. कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला निबंध नोव्हेंबर २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात किमान पाच प्रकारच्या गवतांची नोंद होती; काहींचे नाते थेट भात आणि बांबूच्या घराण्याशी जुळत होते. घराण्यांची इतकी फाटाफूट आधीच झालेली असेल, तर गवताचा उगम त्याहूनही मागे न्यावा लागतो. त्याच काळातील गोंडवनी सस्तन प्राण्यांच्या उंच दातांचे कोडेही यामुळे काहीसे उलगडले, कारण सिलिकायुक्त चारा दात झिजवतो.

तथापि डायनासोर गवतावर चरत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याच विष्ठेत ताड, सूचिपर्णी आणि इतर वनस्पतींचे अवशेषही आहेत. गवताचा वाटा अल्प होता. समोर येईल तो पाला ओरबाडणारे हे प्राणी होते. वृत्तपत्री मथळ्यांना हा भेद मानवत नाही, पण निबंधात तो स्पष्ट आहे.

२०११ मध्ये त्याच गटातील संशोधकांनी फायटोलिथसोबत पानांच्या बाह्यत्वचेचे तुकडेही अभ्यासले आणि भाताचे कूळ क्रिटेशस काळातच वेगळे झाले होते, असे मांडले. पुढे चीनमधील एका डायनासोराच्या दातांशी निगडित गवताचे अवशेष दहा कोटी वर्षांहून जुने असल्याचे जाहीर झाले. सर्वांत जुन्या गवताचा मान त्यामुळे पिसदुऱ्याकडे उरला नाही.