दादाचा पाय

१९७८ साल. मी दहावीला होतो आणि आमचा ऊस गुऱ्हाळावर चालला होता. ओढ्याच्या चढाला बैलांना दम खाऊ द्यायचा म्हणून दादानं चाकामागं दगड लावला. थोड्या वेळानं तो दगड काढायला वाकला. "कासरा धरलास का?" त्यानं विचारलं. "व्हय," मी म्हटलं. पण माझं ध्यान भलतीकडंच होतं. बैलं बिचकली, गाडी मागं आली आणि चाक दादाच्या उजव्या पायावरून गेलं.

शहरातल्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मी दहावीची परीक्षा दिली आणि पुस्तकं माळ्यावर टाकून शेतात उतरलो. दादा सोप्यात बसून दावी वळायचा. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वर्षभरानं त्याला एक पाय मिळाला. लाकूड, चामडं, लोखंडी पट्ट्या आणि खाली बूट. रस्त्यावर चालायला ठीक होता. पण आमच्या कामाला रस्ता कुठं असतो? उसाला पाणी पाजताना बूट चिखलात रुतायचा, भिजून जड व्हायचा. घोटा वाकत नव्हता, त्यामुळं उकिडवं बसता येईना. पंगतीला मांडी घालता येईना. देवळात जायचं तर बूट काढायचा, म्हणजे पायच काढायचा. शेवटी दादा म्हणाला, "हा सायबाचा पाय हाय. खुर्चीत बसणाऱ्याचा." तो पायही माझ्या पुस्तकांशेजारी माळ्यावर गेला.

हे दुखणं एकट्या दादाचं नव्हतं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हेच बघत होते. पाय दिला तरी खेड्यातला माणूस तो वापरत नव्हता. तिथंच रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शिक्षण फारसं नाही, पण हातात कला. या दोघांनी १९६८ च्या सुमारास नवा पाय घडवला. आत स्पंज रबर आणि लाकूड, वरून रबराचं वेष्टन, साच्यात घालून भाजलेलं. टायरवर रबर चढवण्याच्या कामासारखंच हे काम. दिसायला माणसाच्या पायासारखा, बोटांसकट. बूट लागत नाही, पाण्यानं बिघडत नाही आणि घोट्यात सगळीकडं वळतो. पुढं वरची नळी पॉलिथिनच्या पाइपातून करू लागले. तसलाच पाइप आपण रानात पाण्याला वापरतो. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली आणि हा पाय गरिबाला फुकट मिळू लागला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या जिल्ह्याच्या गावी असल्या पायाचं शिबिर भरलं, तेव्हा मी दादाला एसटीनं घेऊन गेलो. माप घेणाऱ्यानं आधी विचारलं, "काम काय करता?" पहिला पाय देताना हे कुणी विचारलं नव्हतं. दादानं नवा पाय घातला आणि तिथंच फरशीवर उकिडवा बसला. उठला. परत बसला. म्हणाला, "आता दारं धरता येतील."

आणि धरलीही. दिवसभर चाललं की पायाचा थोटा सोलायचा, मग दोन दिवस घरी. नांगर माझ्याकडं, पाणी आणि खुरपणी त्याच्याकडं, अशी वाटणी झाली. चिखलात हातभर लांब दांड्याचं खोरं टेकून उभं राहायची युक्ती त्याची त्यानंच काढली. काही वर्षांनी रबर झिजायचं, पाय बदलून आणावा लागायचा. त्यानं वीस वर्षं तरी उसाला पाणी पाजलं.

आता सरकार शेतकऱ्याला अपघातात एक पाय गेला तर एक लाख देतं. घरात पैसा लागतोच, द्यायलाच पाहिजे. पण त्या माणसाला परत बांधावर उभं करायचं असेल, तर "काम काय करता?" हे आधी विचारावं लागतं.

नवा पाय आल्यावर त्या साली ऊस निघाला. गाडी भरली, ओढ्याचा चढ आला. मी खाली उतरलो, म्हटलं दगड मी काढतो. दादानं मला परत वर बसवलं आणि स्वतः चाकाशी वाकला.

"कासरा धरलास का?"

"धरलाय, दादा." दोन्ही हातांनी धरला होता.