निदान कोणाचे? अंडाशयाचे की बाईचे?

इटलीतील वैद्य आंतोनिओ व्हालिस्नेरी याने १७२१ मध्ये एका तरुण शेतकरी स्त्रीची नोंद केली. ती विवाहित होती, बेताची स्थूल होती, तिला मूल होत नव्हते. आणि तिचे अंडाशय नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल, चकचकीत, पांढुरके, कबुतराच्या अंड्यांसारखे होते. या नोंदीतला क्रम पाहण्यासारखा आहे. लग्न, बांधा, अपत्यहीनता आणि मग अवयव. आज ज्याला आपण पीसीओएस म्हणून ओळखतो, त्या विकाराचा पुढचा इतिहास बराचसा याच क्रमाने चालला, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेतील वीस योनिव्यापदांत 'वंध्या' हे एका विकाराचे नाव आहे. गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चारही गोष्टी जुळाव्या लागतात, असेही तीच संहिता सांगते. लोकव्यवहारात मात्र विकार मागे पडला आणि 'वांझ' ही बाईची ओळख ठरली. डोहाळजेवणात ओटी भरायला कोणाला पुढे बोलवायचे नाही, हे घरोघरी न सांगता ठाऊक असे. (असे का म्हणायचे? पुष्कळ घरांत अजूनही असते.)

या विकाराला वैद्यकाच्या पुस्तकात खरे स्थान मिळाले ते १९३५ मध्ये. शिकागोचे आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थाल यांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी थांबलेली किंवा अनियमित आणि अंडाशय मोठे झालेले, अशा या स्त्रिया होत्या. काहींच्या अंगावर केस अधिक होते, काही स्थूल होत्या. दोघा शल्यकांनी अंडाशयातून पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी पूर्ववत झाली, दोघींना दिवस राहिले. यशाचे माप ठरले ते इथे. पुढे ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षे होत राहिली. तिच्यामुळे आतील भाग एकमेकांना चिकटून गर्भधारणेलाच नवा अडथळा येतो, हे उशिरा उमगले. १९६० च्या दशकात क्लोमिफेनच्या गोळ्या आल्या, आणि पाचर मागे पडू लागली.

वास्तविक दुसरा धागा आधीच हाती होता. पॅरिसमध्ये १९२१ साली आशार आणि तिएर यांनी दाढी आलेल्या स्त्रियांमधील मधुमेहाचे वर्णन केले होते. शीर्षकातला उपहास सोडा, त्यातले निरीक्षण मोलाचे होते. परंतु इन्सुलिनचा आणि या विकाराचा संबंध ठळकपणे पुढे आला तो १९८० मध्ये. तोवर अंडाशय हाच आजार समजला गेला होता, आणि नावही त्याचेच पडले होते.

ते नावही फसवे. सोनोग्राफीत मोत्यांच्या माळेसारखे दिसतात ते सिस्ट नव्हेत, वाढ अर्धवट राहिलेल्या बीजपुटिका होत. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील ते चित्र, या तिहींपैकी दोन पुरेत. म्हणजे 'पॉलिसिस्टिक' निदान झालेल्या स्त्रीच्या अंडाशयात ते चित्र नसूही शकते!

आम्हा दोघींपैकी एकीला हे निदान एकोणतिसाव्या वर्षी झाले, तेही मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हा. चार वर्षे गोळ्या, इंजेक्शने, सोनोग्राफ्या झाल्या. मूल झाले नाही. एके दिवशी 'आता थांबतो' असे तिने सांगितले, आणि त्या दवाखान्यापुरती तिची फाइल मिटली. साखर तपासत राहा, असे कोणी म्हटले नाही. बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तो मोतीबिंदूपूर्वीच्या तपासणीला आईसोबत गेली असता, तिथे सहज करून घेतलेल्या रक्ततपासणीत. स्टाफरूममध्ये तिने हे सांगितले तेव्हा एका सहकारी बाईंनी हळूच विचारले, "पण मूल नको असेल, तर त्या आजाराचे काय उरते?" प्रश्न भाबडा नव्हता. त्यांच्या मुलीला नुकतेच तेच निदान झाले होते, वय एकोणीस.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी नेमलेल्या समितीने २०१२ मध्ये हे नाव दिशाभूल करते म्हणून बदलण्याची शिफारस केली. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की वय आणि वजन काहीही असो, निदानाच्या वेळी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी अशा प्रत्येक स्त्रीची साखर तपासावी. त्यात मूल हवे की नको, याची अट नाही. बाईंना आम्ही तेवढे वाक्य मराठीत लिहून दिले.