माटुंगा

मुंबई बेटाच्या उत्तर भागातील एक छोटे उपनगर. दक्षिणेस दादर, उत्तरेस शीव, पूर्वेस वडाळा आणि पश्चिमेस माहीम यांच्यामध्ये ते बसले आहे. मुंबईतल्या बोलीत त्याला उपनगर म्हणत नाहीत, कारण ‘उपनगरे’ म्हणजे वांद्रे-शीवच्या पलीकडची. पण ज्यांनी ते आखले त्यांच्या लेखी माटुंगा हे शहराबाहेरचे उपनगरच होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंतर सुमारे १० किमी.

नावाचा संबंध ‘मातंग’ म्हणजे हत्ती या शब्दाशी जोडतात आणि राजा भीमदेवाची हत्तीशाळा येथे होती असे सांगतात. ही दंतकथाच समजावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारच्या मुंबई तोफखान्याची छावणी येथे होती. ती गेल्यावर उरली ती शेते आणि विखुरलेल्या वाड्या. त्या जुन्या गावाची खूण म्हणून मरूबाई या गावदेवीचे देऊळ अजून आहे.

आजच्या माटुंग्याचा जन्म प्लेगातून झाला. १८९६ च्या साथीनंतर दाटीवाटीची मुंबई मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा योजना हाती घेतली. आधी रस्ते, गटारे आणि झाडे, घरे मागाहून. ट्रस्टने भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिले. इमारती दोन-तीन मजलीच, आणि दोन इमारतींमध्ये हवा खेळेल इतकी जागा सोडलेली. किंग्ज सर्कल (आता महेश्वरी उद्यान) हे या आखणीचे केंद्र. रस्त्यांना भाऊ दाजी, भांडारकर, तेलंग अशी विद्वानांची नावे मिळाली. राहायला मात्र आले ते बहुतांशी तमिळ.

रेल्वेत आणि व्यापारी कचेऱ्यांत कारकून, टंकलेखक, हिशेबनीस म्हणून लागलेली ही मंडळी. त्यांना चाळ नको होती आणि बंगला परवडत नव्हता. स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच न्हाणीघर-संडास असलेला भाड्याचा ब्लॉक ही मुंबईच्या मध्यमवर्गाची राहणी येथे रुजली. सोवळे-ओवळे मानणाऱ्या घरांना संडास घरात आणणे सहज पचले नसणार, हे लक्षात घेतले म्हणजे हा बदल केवढा होता ते कळते. निखिल राव यांचा ‘हाउस, बट नो गार्डन’ (२०१३) हा ग्रंथ याच घडामोडीवर आहे. माटुंगा समजून घेऊ इच्छिणाऱ्याने तो अवश्य वाचावा.

दक्षिणेची वस्ती आपली दैवते, शाळा आणि जेवण घेऊन आली. आस्तिक समाजाचे ‘कोच्चू गुरुवायूर’ मंदिर, १९३२ मध्ये स्थापन झालेली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, किंग्ज सर्कलजवळचे षण्मुखानंद सभागृह (१९६३, १९९० मध्ये आगीत भस्मसात, १९९८ मध्ये पुन्हा सुरू) आणि दाक्षिणात्य चित्रपटांसाठी ओळखले जाणारे अरोरा चित्रपटगृह. खानावळींत स्टेशनालगतचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२) सर्वांत प्रसिद्ध. केळीच्या पानावर पंगतीसारखे जेवण. सकाळी मंदिराच्या आसपास मोगरा, केळीची पाने, नारळ आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास एकत्र येतो. नकाशापेक्षा त्या वासानेच माटुंगा लवकर ओळखू येते.

मात्र ‘छोटे मद्रास’ हे वर्णन आता निम्मेच खरे. अनेक तमिळ कुटुंबे चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकली. कच्छी आणि गुजराती व्यापारी वस्ती वाढली. मराठी तरुणांचे माटुंगा निराळेच. ते रुईया (१९३७) आणि पोदार (१९४१) महाविद्यालयांच्या नाक्यावर भरते, आणि एकांकिका स्पर्धांच्या मोसमात तेथे उभे राहायला जागा मिळत नाही. १९२३ मध्ये येथे आलेली व्हीजेटीआय आणि १९३३ मध्ये स्थापन झालेली, यूडीसीटी या जुन्या नावानेच ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था या दोन्ही एका चौरस किलोमीटरच्या आत आहेत. डॉ. रघुनाथ माशेलकर हे यूडीसीटीचे विद्यार्थी.

भूरचनेच्या दृष्टीने किंग्ज सर्कल-गांधी मार्केटचा भाग बशीसारखा खोलगट आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी साचते. आखीव रस्त्यांनीही त्यातून सुटका केलेली नाही. पश्चिमेस, मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांमध्ये, १९१५ पासूनचा रेल्वे डबे दुरुस्तीचा कारखाना पसरला आहे. त्यामुळे पूर्व आणि पश्चिम माटुंगा ही जवळजवळ दोन वेगळी गावे झाली असून त्यांना जोडणारा पादचारी पूल ‘झेड ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. पुनर्विकासात जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. झाडे आणि पदपथ टिकले तरी दोन घरांमधली ती मोकळी हवा टिकण्याची चिन्हे नाहीत.

दळणवळण : माटुंगा (मध्य), माटुंगा रोड (पश्चिम) आणि किंग्ज सर्कल (हार्बर) अशी तीन स्थानके. यांपैकी मध्य मार्गावरील स्थानक २०१७ मध्ये पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवण्यात आले. तेथे जलद गाड्या थांबत नाहीत. किंग्ज सर्कलला उतरायचे असल्यास अंधेरी-गोरेगावकडे जाणारी हार्बर गाडी धरावी. पनवेलची गाडी वडाळ्यापर्यंतच उपयोगाची.