मॅकेन्झीसाहेबाचे भूत
ऐन दिवाळीत भुताची गोष्ट काढतो, वाचकहो, क्षमा असावी! पण वर्गात ही गोष्ट सुरू केली, की शेवटच्या बाकावरची पोरेही कान टवकारतात.

स्कॉटलंडात एडिंबरो शहरी ग्रेफ्रायर्स नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे सर जॉर्ज मॅकेन्झीचे घुमटाचे थडगे आहे. दाराशी जाऊन ‘हिंमत असेल तर बाहेर ये’ असे ओरडायचे आणि धूम ठोकायची, हा तिथल्या पोरांचा जुना खेळ. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर अदृश्य हातांनी ओरबाडल्याच्या कहाण्याही पसरल्या.

हा मॅकेन्झी राजाचा सरकारी वकील. धर्माच्या कारभारात राजाची सत्ता न मानणारे कव्हेनंटर १६७९ साली बॉथवेल पुलाच्या लढाईत हरले. सुमारे बाराशे कैदी या दफनभूमीलगत उघड्यावर महिनोन्‌महिने डांबले गेले. अखेर अडीचशेंवर कैद्यांना परमुलखी धाडण्यासाठी जहाजावर चढवले. ते फुटले आणि दोनशेहून अधिक बुडाले. खटले चालवणारा मॅकेन्झी लोकांच्या तोंडी ‘रक्तपिपासू’ ठरला. १६९१ साली तो वारला आणि त्याच आवारात पुरला गेला.

नवल असे, की चेटकीण ठरवलेल्या बायकांचे कबुलीजबाब छळाने काढलेले असतात, हे याच गृहस्थाने लिहून ठेवले होते!

“गुरुजी, भूत खरे का?” मुले विचारतात.

मी म्हणतो, “भुताचे मला ठाऊक नाही. कैदी मात्र खरे. जिवंतपणी ज्याला कुणी जाब विचारू शकले नाही, त्याला पोरे अजून दाराशी जाऊन विचारतात, एवढेच.”