पेटंट आणि माणूसपण

धंद्याला भांडवल लागते. पण त्याआधी आपल्या अकलेवर आपली मालकी लागते.

१८२१ साली न्यूयॉर्कचा शिंपी थॉमस जेनिंग्ज याने कपडे स्वच्छ करण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट मिळविले. पेटंटधारकांतला हा पहिला ज्ञात कृष्णवर्णीय. तेव्हा मुदत १४ वर्षांची. तेवढा काळ बड्या भांडवलदारालाही ती पद्धत उचलण्याचा हक्क नव्हता. मिळकतीतला वाटा त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीला दिला. जेनिंग्ज स्वतंत्र होता, म्हणून हे घडले.

मिसिसिपीतला नेड गुलाम होता. कापसाच्या ओळीच्या दोन्ही बाजू एकदम खरवडणारे अवजार त्याने शोधले. १८५७ मध्ये त्याचा धनी ऑस्कर स्टुअर्ट याने पेटंट मागितले. १८५८ मध्ये ॲटर्नी जनरलने मत दिले : गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. धनी शोधकर्ता नव्हता. नेड नागरिक नव्हता, म्हणून शोधकर्त्याची शपथ त्याला घेता येईना. अवजार बनवून बाजारात आणले ते धन्याने.

नागरिकत्व आले ते १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने.

वर्गातली आमची मुले आज धंद्याची स्वप्ने बोलतात, तेव्हा मी त्यांना नेडचे नाव सांगतो. कायदा अकलेचे रक्षण करतो. पण ती ज्याची, त्याला आधी माणूस मानावे लागते.