निकेल मिश्रधातूंचे ऑक्सिडीभवन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उपयोग आधी सापडतो आणि त्याचे कारण मागाहून उलगडते, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. निकेल मिश्रधातूंचे ऑक्सिडीभवन हे त्याचे बोलके उदाहरण होय.

तापलेल्या हवेत धातूचा ऑक्सिजनशी संयोग होणे टाळता येत नाही. मात्र पृष्ठभागावर दाट व घट्ट चिकटलेला ऑक्साइडचा थर तयार झाल्यास तोच आतील धातूचे रक्षण करतो. १९०६ साली अल्बर्ट मार्श यांना अमेरिकेत पेटंट मिळालेला निकेल-क्रोमियम मिश्रधातू याच गुणामुळे विद्युत शेगडीच्या तारांसाठी उपयुक्त ठरला. पुढे १९३७ मध्ये एल. बी. फायल यांच्या ब्रिटिश पेटंटातून असे पुढे आले की, सिरियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश मिसळल्यास अशा मिश्रधातूंची उष्णतारोधकता वाढते. परंतु असे का घडते, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा नव्हते.

त्या काळी संशोधकांचे प्रमुख साधन तराजू हे होते. वजनातील वाढीवरून थर किती वेगाने वाढतो हे कळे. १९३३ मध्ये कार्ल वॅग्नर यांनी हा वेग थरातून होणाऱ्या आयनांच्या विसरणाशी जोडला. तथापि, प्रत्यक्षात आयन कोणत्या वाटेने जातात हे तराजू सांगू शकत नव्हता. आणि थरातील अतिसूक्ष्म स्फटिककण प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर होते.

१९३१ मध्ये मॅक्स नॉल व अर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिन येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक साकारला. पण जाड धातूतून इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत. म्हणून १९४० मध्ये हान्स माल यांनी धातूपृष्ठाची पातळ प्रतिकृती काढून ती पाहण्याची पद्धत मांडली. १९६५ मध्ये क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि थराचे उंचसखल पृष्ठ व तडे थेट पाहता येऊ लागले. थराचे आडवे, अतिपातळ छेद घेण्याचे तंत्र आणि क्ष-किरण विश्लेषण यांची जोड मिळाल्यावर १९८० च्या दशकात यिट्रियमचे आयन ऑक्साइडच्या कणसीमांवर एकवटलेले आढळले. क्रोमियमची बाहेर येण्याची वाट तेथेच रोखली जाते, या स्पष्टीकरणास त्यामुळे बळ मिळाले.

याच दशकात अन्य पृष्ठ-विश्लेषण पद्धतींनी, मिश्रधातूतील गंधकाचा अल्पांशही थराची पकड सैल करतो, हे दाखवून दिले. तेव्हा सूक्ष्मदर्शकाने प्रश्न एकट्याने सोडविला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. 'किती' या प्रश्नाला त्याने 'कोठे' या प्रश्नाची जोड दिली, हेच त्याचे खरे योगदान होय.